मुक्या नाण्यांची साक्ष

पुणें शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, मोसे नदीचें खोरें आहे. शिवकालांतील बाजी पासलकरांचें हें खोरें. आज त्यांतील बरीचशी जुनी जमीन वरसगांव धरणाच्या पाण्याखालीं गेली असून, जलाशयाच्या काठीं डोंगरउतारावर एकविसाव्या शतकांत वसविलेल्या नगरास लवासा असें नवेंच नांव मिळालें आहे. घाटमाथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या जुन्या वाटा या मुलखांतून गेलेल्या आहेत. आणि जेथून वाटा जातात तेथून व्यापारी जातात, व व्यापाऱ्याबरोबर त्याची थैली जाते. तेव्हां आपण घटकाभर अशी कल्पना करूं कीं, लवाशाच्या वर एखाद्या पायवाटेचें काम चाललें असतां मजुराच्या कुदळीस एक मडकें लागलें आणि त्यांतून चांदीचे काळवंडलेले, वेडेवांकडे तुकडे बाहेर पडले. आपण सर्वजण प्रथम काय पाहूं? त्यांवर कोणा राजाचें नांव आहे काय, एखादा सन आहे काय, हेंच ना?

परंतु समजा, नांव नाहीं आणि सनही नाहीं. एका बाजूस सूर्य, चक्र, हत्ती, डोंगर अशा पांच खुणा तेवढ्या ठोकलेल्या आहेत. दुसऱ्या बाजूस कांहीं बारीक छाप आहेत, किंवा तीं कोरीच आहे. मग हीं नाणीं कोणतीं आधीचीं व कोणतीं नंतरचीं, हें कसें ठरवावें? जाणकार म्हणून ज्यांची ख्याति आहे ते आपापल्या अंदाजानें सांगतील, आणि दोन जाणकारांचे तीन अंदाज होतील. अशा वेळीं पुण्याच्याच एका गणिताच्या प्राध्यापकानें नाण्यावरील चित्राकडे पाहण्याआधीं तराजू मागितला, ही हकीकत आमच्या वाचकांपुढें ठेवण्याजोगी आहे असें आम्हांस वाटतें. कारण तींत केवळ नाण्यांचा प्रश्न नाहीं. थोडा पुरावा हातीं असतां मनुष्यानें किती बोलावें व कोठें थांबावें, हा प्रश्न तींत आहे.

हे प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोमंतकांत कोसबें येथें झाला. बौद्ध धर्माचे विख्यात पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील; ते स्वतः १९१२ पासून १९१८ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकवीत असत. दामोदरपंतांचें बरेंचसें शिक्षण अमेरिकेंत झालें व १९२९ सालीं हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते परतले. काशी व अलीगढ येथें अध्यापन केल्यावर ते पुण्यास आले आणि १९४५ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत राहिले. संख्याशास्त्र हें त्या वेळीं आपल्याकडे नवेंच होतें. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं कलकत्त्यास आपली संख्याशास्त्रीय संस्था १९३१ सालीं काढली होती. कोसंबींनीं हें शास्त्र पुस्तकावरून घोकण्याऐवजीं कांहीं प्रत्यक्ष प्रश्न हातीं घेऊन शिकावयाचें ठरविलें. विद्यार्थ्यांच्या परीक्षेंतील गुण हा त्यांतील एक प्रश्न होता. जुन्या नाण्यांचें वजन हा दुसरा.

आतां या नाण्यांचा थोडा परिचय करून दिला पाहिजे. ज्यांस आहत नाणीं म्हणतात तीं आपल्या देशांतील सर्वांत जुन्या नाण्यांत मोडतात. चांदीचा पत्रा ठोकून त्याचे तुकडे पाडावयाचे, वजन अधिक भरल्यास कोपरा कातरावयाचा, व मग त्यावर निरनिराळे ठसे ठोकावयाचे, अशी तीं बनविण्याची रीत होती. जुन्या ग्रंथांतील कार्षापण तो हाच. त्याचें नेमलेलें वजन ३२ गुंजा, म्हणजे सुमारें साडेतीन ग्रॅमच्या आंत-बाहेर असे. आकार वेडावांकडा असला तरी वजनाविषयीं हे नाणेकार फार दक्ष असत, आणि पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

१९२४ सालीं तक्षशिलेच्या भीर टेकडीवर अशा हजारांहून अधिक नाण्यांचा एक मोठा ठेवा सांपडला. त्यांत शिकंदराचीं दोन व त्याच्यामागून गादीवर आलेल्या फिलिप अऱ्हिडियसाचें एक, अशीं तीन ग्रीक नाणीं जवळजवळ नवीकोरी होतीं. फिलिपाचा काळ ख्रिस्तपूर्व ३२३ ते ३१७ हा ठरलेला आहे. तेव्हां तो ठेवा त्या सुमारास पुरला गेला असावा, हें उघड झालें. वॉल्श नांवाच्या विद्वानानें या नाण्यांचें सविस्तर वर्णन केलें व तें पुराणवस्तु खात्यानें १९३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत प्रत्येक नाण्याच्या खुणा आणि त्याचें वजन हीं दोन्ही दिलेलीं होतीं. खुणांवर वादविवाद पुष्कळ झाले. वजनाच्या रकान्याकडे मात्र कोणी फारसें पाहिलें नाहीं. कोसंबींनीं तोच रकाना उचलला.

त्यांची मूळ कल्पना इतकी साधी आहे कीं, ती आपल्या घरांतल्या कोणाही बाईस पटेल. रोज वापरांतली पळी वर्षागणिक झिजते. नाणेंही हातोहात फिरतां फिरतां झिजतें. मग एकाच मडक्यांत सांपडलेल्या नाण्यांत जीं अधिक काळ फिरलीं तीं अधिक हलकीं असलीं पाहिजेत. परंतु येथेंच खरी अडचण उभी राहते. दोन नाणीं घेतलीं आणि त्यांतील एक हलकें भरलें, तर तें जुनेंच असेल असें नाहीं. तें टांकसाळींतूनच किंचित् हलकें निघालें असेल, किंवा एखाद्या लोभी सोनारानें त्याची कड खरवडली असेल. एका नाण्याची साक्ष म्हणजे साक्षच नव्हे. समुदायाची साक्ष घ्यावी लागते, व ती पारखण्यास कांहीं नियम लागतो.

हा नियम काय आहे तें एका काल्पनिक उदाहरणानें सांगतों. समजा, आपण मडक्यांतून एका जातीचीं २५ नाणीं घेतलीं व त्यांचें सरासरी वजन ३.३० ग्रॅम भरलें. दुसऱ्या जातीचीं २५ घेतलीं, त्यांची सरासरी ३.२४ आली. दोन्ही जातींत नाण्यानाण्यांमधला नेहमींचा चढउतार सुमारें ०.१० ग्रॅमचा आहे. सरासरींतला ०.०६ चा हा फरक खरा समजावा, कीं मूठ भरतांना दैवानें घडलेला खेळ समजावा? संख्याशास्त्रज्ञ येथें न्यायाधीशाचें धोरण स्वीकारतो. आरोपी निर्दोष आहे असें मानूनच खटला चालतो. त्याप्रमाणें ‘या दोन जातींत खरा भेद कांहींच नाहीं’ असें तो प्रथम धरून चालतो. यास शून्य परिकल्पना म्हणतात. नंतर तो विचारतो: हें जर खरें असेल, तर केवळ योगायोगानें एवढा किंवा याहून मोठा फरक कितीदां दिसेल? पंचवीस-पंचवीस नाण्यांच्या दोन सरासरींमध्यें यदृच्छेनें पडणारा चढउतार सुमारें ०.०२८ ग्रॅमचा असतो. आपला फरक त्याच्या दुपटीहून थोडा अधिक आहे. असा प्रसंग योगायोगानें शंभरांत चारच वेळां येतो. म्हणून भेद नाहीं हें म्हणणें सोडून देण्यास आपणांस कांहीं आधार मिळाला.

आतां तींच सरासरी वजनें राहूं द्या, पण नाणीं प्रत्येकीं नऊच घ्या. यदृच्छेचा चढउतार ०.०४७ पर्यंत वाढतो, व तेवढाच फरक योगायोगानें शंभरांत वीस-बावीस वेळां दिसूं शकतो. आतां न्यायाधीश काय म्हणेल? आरोप शाबीत झाला नाहीं. आरोपी साधु आहे असें मात्र तो म्हणणार नाहीं. या दोन वाक्यांमधलें अंतर पुष्कळ विद्वानांच्याही ध्यानांत राहत नाहीं. पुरावा अपुरा असणें वेगळें, व भेद नाहींच असें सिद्ध होणें वेगळें.

या पारखीचा इतिहासही मनोरंजक आहे. कार्ल पियर्सन यांनीं १९०० सालीं अशा कसोटीचा एक प्रकार दिला. थोड्या नमुन्यावरून निर्णय कसा करावा हा प्रश्न मात्र विद्यापीठांत सुटला नाहीं. तो डब्लिन येथील गिनेस यांच्या मद्याच्या कारखान्यांत सुटला. तेथें नोकरीस असलेल्या गॉसेट नांवाच्या रसायनज्ञानें ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, या टोपणनांवानें १९०८ सालीं आपला निबंध छापला. पुढें रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत रोनाल्ड फिशर यांनीं या सर्व पद्धतींस व्यवस्थित रूप दिलें व १९२५ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. विसांत एकदां, ही सोयीची मर्यादा त्यांच्याच ग्रंथामुळें रूढ झाली. मद्य, गहूं व बटाटे यांच्यासाठीं घडविलेलें हें हत्यार पुण्यांतील एका गणितज्ञानें प्राचीन इतिहासाच्या दारांत आणून ठेवलें.

कोसंबींनीं त्याचा उपयोग कसा केला तें पाहूं. कार्षापणाच्या मागच्या बाजूस जे बारीक छाप असतात, ते काय आहेत याविषयीं एकमत नव्हतें. त्यांनीं नाणीं छापांच्या संख्येप्रमाणें वेगळालीं केलीं: ज्यांवर एकही नाहीं तीं एकीकडे, एक असलेलीं दुसरीकडे, दोन, तीन, याप्रमाणें. या छापांचा काळाशीं कांहींच संबंध नसता तर प्रत्येक राशीचें सरासरी वजन, योगायोगाचा चढउतार सोडला तर, सारखेंच यावयास हवें होतें. तें तसें आलें नाहीं. छाप जसजसे वाढले तसतशी सरासरी क्रमाक्रमानें उतरत गेली. आतां ठसा ठोकल्यानें चांदी दबते, पण कमी होत नाहीं. तेव्हां ही तूट ठोकण्यामुळें आलेली नव्हे. उरतो तो एकच सरळ अर्थ: हे छाप नाणें चलनांत असतांना वेळोवेळीं त्याची परीक्षा करणाऱ्या व्यापाऱ्यांनीं अथवा सराफांनीं उमटविलेले होते. ज्यावर छाप अधिक, तें अधिक वर्षें फिरलेलें. जी बाजू विद्वानांनीं गौण मानली होती, तीच त्या नाण्याची जन्मपत्रिका निघाली.

येथपर्यंत पोंचून एखादा दुसरा थांबला असता. परंतु झिजेनें वजन खरोखर असें नियमितपणें उतरतें, हें तरी कशावरून? प्राचीन नाण्यांवरून तें सिद्ध करूं गेल्यास तर्क स्वतःच्याच शेपटीभोवतीं फिरूं लागतो. म्हणून कोसंबींनीं आपल्या काळीं बाजारांत चालणारीं हजारों नाणीं प्रयोगशाळेच्या तराजूवर तोललीं. या नाण्यांवर टांकसाळीचें साल छापलेलें असतें. वय आधींच ठाऊक, तेव्हां कसोटीचीच कसोटी घेतां येते. निष्कर्ष दोन निघाले. नाणें जसें जुनें, तसें सरासरी वजन कमी. आणि त्याबरोबरच वजनांतला परस्परांमधला चढउतारही अधिक. टांकसाळींतून निघतांना सर्व भावंडें सारखीं. पण एक पेटींत पडून राहिलें व दुसरें दारोदार भटकलें, म्हणजे वयाबरोबर त्यांच्यांतलें अंतर वाढणारच. हें संशोधन त्यांनीं १९४२ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें प्रसिद्ध केलें. आहत नाण्यांच्या वजनावरील त्यांचे मुख्य निबंध त्याच्या आदल्या वर्षीं, १९४१ सालीं, बाहेर पडले होते.

मग राहिलेलें काम सुरू झालें. पुढच्या बाजूच्या पांच खुणांवरून नाण्यांचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटाचें सरासरी वजन काढावयाचें, व जो गट अधिक झिजलेला तो अधिक जुना असा क्रम लावावयाचा. ज्या नाण्यांवर अक्षर नाहीं त्यांची पिढ्यानुपिढ्यांची वंशावळ अशा रीतीनें हातीं आली. अशोकाच्या शिलालेखांपूर्वींचा आपला राजकीय इतिहास पुराणांच्या परस्परविरुद्ध याद्यांवर व बौद्ध-जैन कथांवर उभा आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या क्रमाचें मोल कळेल. हा साक्षीदार कोणत्याही राजाचा भाट नव्हता आणि कोणत्याही पंथाचा प्रचारक नव्हता.

असें असलें तरी आम्ही या पद्धतीची आरती ओवाळूं इच्छीत नाहीं. तिच्या मर्यादा सांगितल्यावांचून तिची थोरवीही कळत नाहीं. पहिली मर्यादा नमुन्याची. पुरून ठेवलेला ठेवा म्हणजे बाजारांतून डोळे मिटून उचललेली मूठ नव्हे. ठेवणारा मनुष्य शहाणा असला तर जड नाणीं ठेवून हलकीं खर्चून टाकील. शिवाय मातीनें चांदी खाल्ली जाते, व साफ करणाऱ्याच्या आम्लानेंही ती कमी होते. एकाच मडक्यांतील नाण्यांवर हे संस्कार बहुतांशीं सारखे झाल्यामुळें त्यांची आपसांत तुलना करतां येते. पण तक्षशिलेचें मडकें व दूर देशींचें दुसरें मडकें यांचीं वजनें सरळ एकमेकांशेजारीं ठेवणें धोक्याचें आहे. दुसरी मर्यादा गृहीताची. सर्व गट मूळ एकाच वजनाचे होते असें आपण धरतों. मध्येंच एखाद्या राजानें तें वजन उतरविलें असेल तर त्याचीं नवीं नाणीं जुन्यासारखीं भासतील. म्हणून केवळ सरासरीवर न विसंबतां मागचे छाप व वजनांतला चढउतार हे आणखी दोन साक्षीदार बोलवावे लागतात. तिघे एकच सांगत असतील तर विश्वास ठेवावा.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. ही कसोटी ‘हें योगायोगानें घडलेलें नाहीं’ एवढेंच सांगते. ‘मग कशामुळें घडलें’ हें ती सांगत नाहीं. अमुक गट आधींचा, अमुक नंतरचा, येथपर्यंत तराजू आपणांस नेतो. त्यापुढें हा गट अमक्या नंदाचा व तो तमक्या मौर्याचा, असें म्हणूं लागलों कीं आपण तराजू खालीं ठेवून पुनः ग्रंथांकडे वळलों असें समजावें. कोसंबींनीं असे मेळ घालण्याचा प्रयत्न केला. त्या दुसऱ्या पायरीवर नाणकशास्त्रज्ञांचें एकमत झालेलें नाहीं. यांत त्यांच्या पहिल्या पायरीस बाध येत नाहीं. एकाच मनुष्याच्या दोन विधानांस दोन निरनिराळीं वजनें असूं शकतात, हें शिकविण्यासाठींच तर हें शास्त्र आहे.

याच काळांत महाराष्ट्राचा आणखी एक पुत्र ही दृष्टि शेतांत घेऊन गेला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून १९३६ सालीं पदवी घेऊन आले व १९४० नंतर दिल्लीच्या शेतकी संशोधन परिषदेंत काम करूं लागले. पीक किती आणे आलें हें नजरेनें ठरविण्याची आपली जुनी आणेवारी सर्वांच्या परिचयाची आहे. नजर अनुभवी असली तरी सारावसुलीच्या वेळीं एका बाजूस व सुटीच्या वेळीं दुसऱ्या बाजूस झुकते. सुखात्मे व पानसे यांनीं शेतें व शेतांतील तुकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून, तेवढेंच पीक कापून तोलण्याची पद्धति देशभर रूढ केली. येथेंही पुनः तराजूच आला, आणि नमुना निवडण्याचा अधिकार मनुष्याच्या लहरीकडून काढून घेण्यांत आला.

कोसंबी पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गेले. पण घर पुण्यासच ठेवून ते डेक्कन क्वीननें ये-जा करीत. १९५६ सालीं त्यांचा भारतीय इतिहासावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजीं पुण्यांतच त्यांचा अंत झाला. नाण्यांवरील त्यांचे विखुरलेले निबंध एकत्र छापले जाण्यास १९८१ साल उजाडावें लागलें. पुण्याभोंवतालच्या टेकड्या पायीं तुडवून, खेड्यांतल्या देवता, घाटवाटा व लेणीं यांवरून इतिहास वाचणारा हा मनुष्य आमच्या लोकांस अधिक परिचित आहे. परंतु तोच मनुष्य प्रयोगशाळेंत बसून एकामागून एक नाणें तोलीत होता, हेंही विसरतां कामा नये. दोन्ही कामांत वृत्ति एकच होती: जें मुकें आहे त्यास बोलतें करावयाचें, पण आपले शब्द त्याच्या तोंडीं घालावयाचे नाहींत.

आपल्या महाराष्ट्रांत इतिहासाचें प्रेम उदंड आहे. तेवढीच इतिहासावरून भांडण्याची हौसही आहे. एखादें पत्र, एखादी तरवार, एखादें नाणें सांपडलें कीं त्यावर सिद्धान्ताचा सात मजली वाडा उभा राहतो, आणि त्यास कोणी हात लावला तर कुळाचा अपमान झाल्यासारखें वाटतें. ‘माझें म्हणणें खोटें असतें तर काय दिसलें असतें?’ हा प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय आपणांस लागलेली नाहीं. शून्य परिकल्पना म्हणजे दुसरें काय आहे? आपल्या आवडत्या मताविरुद्ध आपणच प्रथम उभें राहणें, आणि पुराव्यानें हटविल्यावांचून तेथून न हलणें. हें गणित येण्यास फारसें अवघड नाहीं. हा स्वभाव येणें अवघड आहे.

तेव्हां मोसे खोऱ्यांतल्या आपल्या त्या कल्पित मडक्याकडे परत येऊं. तें कधीं काळीं खरोखरच सांपडलें तर सांपडणाऱ्यास आमची एवढीच विनंति राहील: नाणीं घासूं नयेत, त्यांतलीं देखणीं निवडून वांटूं नयेत, व एकही हलकें म्हणून टाकूं नये. ज्यास आपण नाकारूं तेंच कदाचित् सर्वांत अधिक काळ जग हिंडून आलेलें असेल, आणि त्याच्या झिजलेल्या अंगावरच आपल्या पूर्वजांचा इतिहास लिहिलेला असेल.